सासूबाईंचा कोमा : एका मालिकेतल्या ट्रॅकचा प्रकरण अभ्यास

रुग्णाचं नाव माई. वय ६२, ब्लड प्रेशरची गोळी चालू, यजमान आबा हयात, दोन मुलगे, दोन सुना, मालकीचा वाडा आणि त्या वाड्याच्या कागदांवर डोळा ठेवून बसलेली धाकटी सून. माई काल्पनिक आहे. तिचा वाडा ठाण्यात घोडबंदर रोडपासून आत गेल्यावर एका मोठ्या शेडमध्ये उभा आहे, पुढून चिरेबंदी आणि मागून प्लायवूड. सोमवार ते शनिवार, रोज रात्री ती घरोघरी दिसते. मालिकेचं नाव सांगत नाही. नावावाचून काही अडत नाही, आणि असा कोमाचा ट्रॅक, म्हणजे उपकथानक, कधीच न झालेली मालिका शोधणंही अवघड.

मी ठाण्यातल्याच एका खासगी रुग्णालयात न्यूरो आयसीयूत काम करते. या ट्रॅकपुरती मी मालिकेची ‘मेडिकल कन्सल्टंट’ होते. पद ऐकायला भारदस्त आहे. प्रत्यक्षात रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर सीन येतो, सकाळच्या शिफ्टला तो लागणार असतो, आणि ‘असं होत नाही’ एवढंच कळवून तुम्ही झोपलात तर तो सीन जसाच्या तसा शूट होतो. ‘मग कसं होतं?’ हे विचारायला कुणाला वेळ नसतो. ते आपणच आधी लिहून पाठवायचं असतं, तेही दोन ओळींत.

ट्रॅक आला त्याला वैद्यकीय कारण काहीच नव्हतं. माईचं काम करणाऱ्या अभिनेत्रीला नाटकाच्या अमेरिका दौऱ्यासाठी दीड महिना सुट्टी हवी होती. रोजच्या मालिकेतून मुख्य पात्र दीड महिना घालवायचं तर काशीयात्रा, लेकीचं बाळंतपण किंवा कोमा असे तीन मार्ग. पहिल्या दोहोंत टीआरपी नाही. शिवाय कोमात एक सोय आहे, माणूस नसूनही असतो: डोक्याला पट्टी बांधलेली डमी झोपवली आणि पायाकडून कॅमेरा लावला की झालं.

मूळ पटकथा अशी होती. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, माई जिन्यावरून पडते. मागून एक हात, मनगटात हिरव्या बांगड्या. थोरला मुलगा तिला उचलून गाडीत घालतो, डोकं स्वतःच्या मांडीवर. डॉक्टर ऑपरेशन थिएटरच्या दारातून बाहेर येतात, मास्क उतरवतात, “पुढचे चोवीस तास महत्त्वाचे आहेत” म्हणतात. चोवीस तासांनी, “त्या कोमात गेल्या आहेत.” मग सहा आठवडे बेडवर माई, ठसठशीत कुंकू, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि पायाशी बसून देवीचा अंगारा लावणारी थोरली सून. वटपौर्णिमेचा महाएपिसोड. तिकडे थोरली वडाला सूत गुंडाळते, इकडे माईचं बोट हलतं. बोटाचा क्लोज. मॉनिटरचा आवाज वाढतो. माई डोळे उघडते, उठून बसते, मास्क काढते आणि धाकटीकडे बोट दाखवून म्हणते, “हिनं ढकललं मला!”

कथेच्या अंगाने हे झकास आहे. अक्षय्य तृतीया ते वटपौर्णिमा हा हिशेबही पंचांगाला धरून आहे. वैद्यकाच्या अंगाने पाहिलं तर चुका मोजत बसण्यात अर्थ नव्हता; सलाइन चिकटपट्टीने वरच्यावर डकवलंय की नाही याने कुणाचं बिघडत नाही. मी एकच गोष्ट पकडायची ठरवली: काळ. माणूस शुद्धीवर येतो तो टप्प्याटप्प्याने येतो, आणि तो येईपर्यंत घर कसं थांबतं. हे चुकीचं दाखवलं की त्याची किंमत आमच्या आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या माणसांना मोजावी लागते.

दिग्दर्शकांचं पहिलं म्हणणं होतं की मालिका काही शिकायला कुणी बघत नाही. हे तितकंसं खरं नाही, आणि त्याला आकडे आहेत. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९६ साली एक अभ्यास छापून आला. अमेरिकेतल्या तीन कार्यक्रमांचे ९७ भाग संशोधकांनी पाहिले. त्यांत ६० वेळा रुग्णाची छाती दाबून हृदय चालू करण्याचा प्रयत्न, म्हणजे सीपीआर, दाखवला होता. ७५ टक्के रुग्ण जागीच वाचले आणि ६७ टक्के बरे होऊन घरी जाताना दिसले. खऱ्या आयुष्यात एवढं यश कुठल्याच रुग्णालयाला मिळत नाही. पण ‘सीपीआर देऊनही माणूस गेला म्हणजे डॉक्टरने काहीतरी कमी केलं’ हा हिशेब नातेवाइकांच्या डोक्यात कुठून येतो, याचा अंदाज त्या आकड्यांवरून येतो.

उलट उदाहरणही मी त्यांना दिलं, नाहीतर टीव्हीला नावं ठेवायला आलेली बाई म्हणून माझी गणना झाली असती. जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये २०१२ साली ५५ वर्षांचा एक रुग्ण आला. हृदय निकामी होत आलेलं, ताप, थायरॉइड मंद, ऐकू कमी, दिसायला कमी, कारण सापडेना. तिथले प्राध्यापक युर्गेन शेफर ‘हाऊस’ या डॉक्टरांवरच्या अमेरिकी मालिकेचे भाग वर्गात शिकवायला वापरत. त्यांना त्यातला एक भाग आठवला, त्यांनी रुग्णाच्या ऑपरेशन करून बदललेल्या खुब्याच्या सांध्याकडे पाहिलं आणि रक्तातलं कोबाल्ट तपासलं. आधीच्या सिरॅमिक सांध्याचे तुकडे नव्या धातूच्या सांध्याला घासून कोबाल्ट अंगात उतरत होतं. २०१४ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. “म्हणजे आमचंही कुणी छापेल?” दिग्दर्शकांनी विचारलं. मी म्हटलं, छापलंय. फक्त कौतुकाने नाही.

कारण कोमाचा अभ्यासही झालेला आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००५ साली तो आला: अमेरिकेतल्या ९ दैनंदिन मालिका, दहा वर्षांचा काळ, कोमात गेलेली ६४ पात्रं. त्यांतली ५७ पूर्ण बरी झाली, ५ मेली, २ तशीच राहिली. बऱ्या झालेल्या ५७ पैकी ४९ जणांना जाग आली त्याच दिवशी काहीही व्यंग नव्हतं. हातपाय ठीक, बोलणं ठीक, बुद्धी ठीक. डोक्याला मार लागून कोमात गेलेल्यांतले मालिकांमध्ये ६ टक्के दगावले. त्याच प्रकारच्या खऱ्या रुग्णांमध्ये हा आकडा ६७ टक्क्यांच्या आसपास असेल, असा लेखकांचा हिशेब होता. खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मालिकेची कथा बघणाऱ्या क्रिएटिव्ह मॅडम म्हणाल्या, “आमची माई मरू शकत नाही हं, डॉक्टर. कॉन्ट्रॅक्ट आहे.”

माई जगणार, दीड महिन्याने बोलणार. या दोन अटी मी मान्य केल्या आणि त्यांच्या आत बसेल असं निदान शोधलं.

निदान आणि तपशील

चोवीस तासांनी ‘कोमात जाणं’ मी आधी काढलं. जबर मार लागलेला माणूस आणतानाच बेशुद्ध असतो, आणि बेशुद्धी किती खोल हे मोजायची पट्टी आहे: ग्लासगो कोमा स्केल, टीसडेल आणि जेनेट या दोघांनी १९७४ साली बसवलेली. डोळ्यांना ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. सगळं ठीक असेल तर १५, आणि कमीत कमी ३, शून्य नाही. माईला मी ७ दिले: डोळे अजिबात उघडत नाहीत, १, नुसती कण्हते, २, चिमटा काढल्यावर हात मागे घेते, ४. आठ किंवा कमी म्हणजे श्वासनलिकेत नळी आणि व्हेंटिलेटर, हे जवळजवळ ठरलेलं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली ताजा रक्तस्राव, ॲक्यूट सबड्यूरल. ताबडतोब ऑपरेशन. गाडीत मांडीवर डोकं घेण्याऐवजी १०८ला फोन आणि मान न हलवता स्ट्रेचर, हे दिग्दर्शकांनी एका झटक्यात मानलं. ॲम्ब्युलन्सचा दिवा रात्रीच्या सीनमध्ये छान दिसतो. घोडबंदर रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये ती अडकलेली दाखवावी, असं त्यांनी स्वतःच सुचवलं. त्यासाठी सेट लावावा लागणार नव्हता.

बासष्टाव्या वर्षी ॲक्यूट सबड्यूरल होऊन माणूस दीड महिन्यात बोलू लागतो का? क्वचित. मी ते सरळ सांगितलं आणि डॉक्टरच्या तोंडी एक वाक्य घातलं: “या वयात असं बरं होणारे थोडे असतात.” ते वाक्य टिकलं.

अडलं ते भलत्याच ठिकाणी. डोक्याचं ऑपरेशन म्हणजे केस काढणं आलं. मेकअपदादांचा चेहरा पडला. “मॅडमचा अंबाडा जाणार?” माईचा अंबाडा आणि त्यावरचा गजरा ही त्या पात्राची ओळख, प्रेक्षक बायका सेटवर फोन करून गजरा कुठला म्हणून विचारतात. यावर जितका वेळ गेला तितका मेंदूवर गेला नाही. शेवटी पट्टी मोठी बांधायची आणि नंतर डोक्याला मऊ सुती फडकं, असं ठरलं.

दुसरी अडचण चेहऱ्याची. तोंडातून नळी घातली की ती तोंडाच्या कोपऱ्यात पट्ट्यांनी बांधलेली असते, ओठ उघडे, गाल ओढलेले. “क्लोज मिळणार नाही,” डीओपी, म्हणजे कॅमेऱ्याचे प्रमुख, म्हणाले. इथे वैद्यक आमच्या बाजूने उभं राहिलं. साधारण दीड-दोन आठवड्यांनंतरही व्हेंटिलेटर सुटत नसेल तर मानेत छोटं छिद्र करून तिथून नळी घालतात, ट्रॅकिओस्टोमी. तोंड मोकळं होतं. पहिले दहा-बारा दिवस डमी आणि तोंडात नळी. त्यानंतर मानेत नळी आणि माईचा चेहरा पूर्ण मोकळा. डीओपींनी माझ्याकडे प्रथमच माणूस म्हणून पाहिलं. अभिनेत्रीने दौऱ्यावर जाण्याआधी एक दिवस दिला होता. त्या दिवशी चेहऱ्याचे सगळे शॉट बँकेत टाकून ठेवले.

त्या बँकेत मी एक शॉट मुद्दाम मागून घेतला होता: डोळे उघडे, पापण्या मिटतायत, पण नजर कुठेच नाही.

खरा कोमा महिनोन्‌महिने सहसा चालत नाही. दोन ते चार आठवड्यांत त्याचा एक निकाल लागतो. माणूस दगावतो, किंवा सुधारू लागतो, किंवा डोळे उघडतो पण जाण येत नाही. या शेवटच्या अवस्थेत तो झोपतो, उठतो, जांभई देतो, कधी डोळ्यांतून पाणी येतं, तळहातावर बोट ठेवलं तर मूठ आवळतो. घरच्यांना वाटतं, उठला! आणि डॉक्टर म्हणतात, अजून नाही. जेनेट आणि प्लम या दोघांनी १९७२ साली या अवस्थेला व्हेजिटेटिव्ह स्टेट हे नाव दिलं. मालिकांमध्ये ही अवस्था मी कधी पाहिलेली नाही, कारण तिथे डोळे उघडले म्हणजे माणूस उघडला.

पटकथा लिहिणारी ताई म्हणाली, “पण अरुणा शानबाग तर बेचाळीस वर्षं कोमात होत्या ना?” पेपरांनी तसंच छापलं होतं, त्यामुळे तिचा दोष नाही. परळच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. सुप्रीम कोर्टाने २०११ साली निकाल देण्याआधी डॉक्टरांच्या समितीने त्यांना तपासलं होतं. त्या डोळे उघडत, आवाज काढत, त्यांचं झोपणं-जागणं चालू होतं. व्हेजिटेटिव्ह स्टेटचे बहुतेक निकष जुळतात, असं समितीने लिहिलं. म्हणजे कोमा नव्हे, आणि ब्रेन डेड तर मुळीच नव्हे. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही अंगावर एक बेडसोअर नव्हता, ते केईएमच्या परिचारिकांमुळे. ताईने वही काढली आणि पहिल्यांदा काहीतरी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिचा सीन आला: थोरला मुलगा आत जातो, आईचे डोळे उघडे आहेत, तो धावत बाहेर येऊन सगळ्यांना सांगतो, आबा पेढे आणायला पैसे काढतात, आणि मग आबा स्वतः आत जातात. आईची नजर त्यांच्या आरपार जाते. आबा पेढ्यांचे पैसे परत खिशात ठेवतात. एक शब्द संवाद नाही. पेढ्यांची कल्पना तिची, माझा तिच्यात काही वाटा नाही, आणि सगळ्या ट्रॅकमधला मला सगळ्यात खरा वाटलेला सीन तोच.

दाराबाहेरची गोष्ट

सहा आठवड्यांचा काळ भरायचा तर बेडजवळ काही घडत नाही. आम्ही रोज सकाळी नातेवाइकांना भेटतो तेव्हा बहुतेक दिवशी सांगायला एकच शब्द असतो: “कालच्यासारखंच.” दिग्दर्शक म्हणाले, “कालच्यासारखंच असेल तर आजचा भाग कोण बघेल?”

मी म्हटलं, कॅमेरा बेडवरून काढा, दाराबाहेर लावा. भेटायची वेळ सकाळ-संध्याकाळ थोडाच वेळ, पास एक, आत एका वेळी एकच माणूस. वाड्यात दोन सुना. पास कोण घेणार? औषधांची चिठ्ठी हातात ठेवून सिस्टर म्हणते, “खालून मेडिकलमधून आणा, लगेच.” कॅशलेसची मंजुरी अडकलेली. डिपॉझिट भरायला धाकट्याकडे पैसे आहेत आणि थोरल्याकडे नाहीत. ऑपरेशनच्या संमतीवर सही करताना आबांचा हात थरथरतो आणि धाकटी म्हणते, “मी करते ना.” रात्री खुर्च्यांवर झोपलेली परकी माणसं, जी तिसऱ्या दिवशी एकमेकांना डबा देऊ लागतात.

आणि दागिन्यांचं पाकीट. ऑपरेशनआधी अंगावरचं सगळं उतरवतात. मंगळसूत्र, पाटल्या, कुड्या, जोडवी. सिस्टर मोजून पाकिटात घालते, यादी करते आणि नातेवाइकाची सही घेऊन हवाली करते. रोज घडणारी, कागदी, कंटाळवाणी गोष्ट. क्रिएटिव्ह मॅडमनी हे ऐकलं आणि खुर्ची पुढे ओढली. “म्हणजे त्या वेळी तिथे जी सून उभी असेल तिच्या हातात?” हो. त्यावर पूर्ण एक भाग निघाला. सिस्टरची यादी हीच पुढे धाकटीच्या विरोधातला पुरावा ठरली, कारण यादीत पाटल्या चार आणि कपाटात निघाल्या दोन.

यानंतर सेटवर माझं ऐकलं जाऊ लागलं. खरेपणा म्हणून काही मागितलं की नकार यायचा. त्याच खरेपणातून सीन निघतो असं दिसलं की लगेच होकार. कामाची पद्धत मी त्याप्रमाणे बदलली. आक्षेप पाठवणं बंद केलं आणि प्रत्येक आक्षेपाच्या जागी एक प्रसंग पाठवू लागले.

एका ठिकाणी मी आक्षेपही घेतला नाही. थोरली सून रोज बेडशी बसून माईशी बोलते: आज काय शिजवलं, अंगणातली मोगरी कशी फुलली. ज्युनियर डॉक्टर असताना मी हे हसून सोडून दिलं असतं. पण केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनी २००६ साली ‘सायन्स’मध्ये एक रुग्ण मांडली. अपघातानंतर पाच महिने ती व्हेजिटेटिव्ह स्टेटमध्ये होती. स्कॅनमध्ये तिला ‘टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर’ म्हटल्यावर निरोगी माणसासारखाच मेंदूचा तोच भाग उजळला. २०२४च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधल्या अभ्यासात, सांगितलेलं काहीच करून न दाखवणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने आतल्या आत आज्ञा पाळल्याचं दिसलं. तेव्हा ‘तिला ऐकू येतं का?’ याला मी ‘नाही’ म्हणत नाही. बोला, म्हणते. सून बोलत राहिली.

आवाज आणि आठवण

वटपौर्णिमेला माईने उठून बसावं यावर वाहिनी अडून होती. सहा आठवडे पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू झडलेले असतात. मान धरवत नाही, बसवलं तर रक्तदाब खाली येतो. हे मी सांगितलं, कुणी हललं नाही. मग मी दुसरी गोष्ट सांगितली. मानेत नळी असली की श्वास खालूनच ये-जा करतो, स्वरयंत्रापर्यंत हवा पोचतच नाही. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, ओठ हलतात, आवाज येत नाही. उजवा हातही कमजोर असेल तर लिहूनही दाखवता येत नाही.

“म्हणजे माईला सगळं कळतंय,” ताई सावकाश म्हणाली, “धाकटी समोर उभी आहे, आणि माईला बोलता येत नाही?”

ट्रॅक तिथल्या तिथे दोन आठवड्यांनी वाढला. महाएपिसोडमध्ये माई उठली नाही. तिने डॉक्टरच्या सांगण्यावरून जीभ बाहेर काढली. थोरलीने सुनेची भाषा सोडून आईला विचारावं तसं “मी कोण?” विचारलं तेव्हा तिच्याकडे मान वळवली, बस एवढंच. जीभ बाहेर काढणं दिसायला बावळट वाटतं म्हणून त्याला विरोध झाला, पण मी सोडलं नाही. बोट आपोआप हलतं, मूठ आपोआप वळते. “जीभ बाहेर काढा”, “डोळे मिटा”, “अंगठा वर करा” अशा वेगवेगळ्या गोष्टी सांगून त्या पुन्हा पुन्हा झाल्या, तरच आम्ही जाण आली म्हणतो. पुढच्या भागांत फिजिओथेरपिस्ट आली, माई टेकून बसली, जाड केलेलं पाणी चमच्याने गिळायला शिकली. नळीचं तोंड क्षणभर बोटाने झाकून तिने घोगरा पहिला शब्द काढला. तो ‘पाणी’ होता. पटकथेत ‘बाळा’ होता. अभिनेत्रीनेच बदलून घेतला.

इथपर्यंत मला हवं ते मिळालं. आठवणीच्या बाबतीत मी हरले, आणि साफ हरले.

डोक्याला एवढा मार लागल्यावर मार लागला तो क्षण माणसाला बहुधा कधीच आठवत नाही. तो विसरलेला नसतो. मेंदूने तो नोंदवलेलाच नसतो, मग परत येणार कुठून? त्याआधीचे काही तास किंवा दिवसही पुसट होतात, आणि जाग आल्यानंतरचा बराच काळ कोरा राहतो. जुनं मात्र टिकतं: लग्न, वाडा, मुलांची नावं. मी सुचवलं की माईला सकाळचं धाकटीशी झालेलं भांडण आठवावं, जिना आठवू नये. बाकीचं दागिन्यांच्या यादीवरून थोरलीने जोडावं. म्हणजे उलगडा थोरलीच्या हातून होतो. ताईला पटलं. दिग्दर्शकांना अर्धं पटलं. वाहिनीने एका ओळीत परत पाठवलं: माईला आठवलंच पाहिजे. सहा आठवडे प्रेक्षक त्या बोटाची वाट बघतायत.

माईने बोट दाखवलं. पार्श्वसंगीतात ढोल.

मला हे इतरांपेक्षा जास्त लागतं, कारण याची झळ नुसत्या आशेला बसत नाही. आमच्याकडे मारहाणीत, अपघातात सापडलेली माणसं येतात. शुद्धीवर आली की घरचे लगेच विचारतात, “कुणी केलं? गाडीचा नंबर?” रुग्णाला आठवत नाही. मग तो घाबरलाय, लपवतोय, त्याला गप्प केलंय असे तर्क सुरू होतात, आणि आधीच कोलमडलेल्या माणसावर रोज तोच प्रश्न येऊन आदळतो.

प्रक्षेपण आणि नंतर

कोणता कार्यक्रम किती बघितला गेला हे मोजणाऱ्या बीएआरसी संस्थेचे आकडे गुरुवारी येतात. दागिन्यांचा भाग आणि मुकी माई, दोन्ही चांगले गेले असं सांगण्यात आलं. किती ते मला कुणी दाखवलं नाही.

महाएपिसोडच्या आधी आठवडाभर प्रोमो चालू होता, आणि त्यात काय होतं? बोटाचा क्लोज. विजेचा कडकडाट, मॉनिटरची सरळ रेष अचानक उसळते, बोट हलतं, “आई!” अशी किंकाळी. यातलं काहीच एपिसोडमध्ये नव्हतं. प्रोमोसाठी वेगळं शूट झालं होतं, तेही डमीच्या हातावर. एपिसोड एकदा दिसला, प्रोमो शेकडो वेळा. चार लोकांनी वाढलेल्या पंगतीत शेवटी एकाने सगळ्यांच्या पानात मीठ ओतावं, तसं झालं.

आमच्या वेटिंग एरियातला टीव्ही आवाज बंद करून चालू असतो. तिथे बसलेल्या एका मुलाने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं: “मॅडम, बाबांचं बोट हललं. दोनदा.” मी आत जाऊन पाहिलं, त्याच्यासमोरच तपासलं, आणि हे आपोआप होणारं कसं आणि सांगून होणारं कसं हे त्याला दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. त्याने प्रोमोचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

त्याच महिन्यात दुसऱ्या एका रुग्णाच्या सुनेने ट्रॅकिओस्टोमीच्या संमतीवर सही करताना विचारलं, “नंतर बंद होतं ना हे भोक? माईचं झालं तसं?” एरवी या सहीला तास-दोन तास जातात. मानेला भोक म्हणजे आता सगळं संपलं, अशी घरच्यांची समजूत असते आणि गावाकडून कुणीतरी मामा फोनवर ‘करू देऊ नका’ म्हणत असतो. तिने सही केली आणि विचारलं, बोलता कधी येईल. योग्य प्रश्न होता. “नळी निघाल्यावर,” मी म्हटलं, “आणि ती कधी निघेल ते आज सांगता येणार नाही.” तिने मान हलवली. तेही तिने ऐकलेलं असावं. ते वाक्य आम्ही अकराव्या की बाराव्या भागात घातलं होतं.

ट्रॅक संपल्यावर पुढच्या कामाचं विचारायला क्रिएटिव्ह मॅडमचा निरोप आला. मी एकच अट लिहून पाठवली, आजाराचा प्रोमो शूट होण्याआधी मला दाखवायचा. उत्तर आलं की प्रोमो वाहिनीचं वेगळं खातं करतं, त्यात आमचाही हात नसतो, प्रयत्न करते. आणि त्याखालीच, “सीन पाठवतेय. धाकटीला तुरुंगात टीबी होतो.”

मी विचारलं, “कुठला टीबी?”

“खोकल्यातून रक्त येणारा,” मॅडमनी लिहिलं, “पांढऱ्या रुमालावर.”